डॉक्टरांसाठी साफ केलेला मासा

लातूरच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये मी काम करते. सकाळी सात वाजता खिडकी उघडते आणि लोक आपापल्या बाटल्या, डब्या घेऊन रांगेत उभे राहतात. खेड्यातून आलेली माणसं नमुना आणताना जरा जास्तच काळजी घेतात. औशाकडच्या एका आजोबांनी लघवीच्या बाटलीत गुलाबपाणी घातलं होतं. म्हणाले, "पोरी, तुला वास येऊ नये म्हणून." मी हसू दाबून त्यांना दुसरी बाटली दिली आणि नेहमीचं सांगितलं, "आजोबा, नमुना जसा हाय तसाच आणायचा. नटवायचा न्हाई."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. पण माझ्या आईची वेळ आली तेव्हा ते सांगायचं राहून गेलं.

आईला आम्ही माय म्हणतो. ती नांदेडच्या मासळी बाजारात बसते. आमचं घर भोयाचं. वडील धरणाच्या पाण्यात जाळं टाकतात, माय विकते. बाजारात तिची जागा आहे, एक लाकडी पाट आणि त्यावर उभी विळी, एवढीच. ती जागा आधी माझ्या आजीची होती. बाजाराची रीत अशी की बसणारी असेल तोवर जागा तिची. दोन-तीन महिने पाट रिकामा राहिला की कुणीतरी टोपली आणून ठेवतं, आणि मग त्यावर भांडायला तोंड राहत नाही. मी बारावी झाले, बी.एस्सी. झाले, नंतर लॅबचा कोर्स केला, ते सगळं त्या पाटावरून झालं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माय शाळेत गेलेली नाही, पण माशाचे कल्ले उचलून तो कधी पाण्याबाहेर आला ते ती सांगू शकते, आणि ते चुकत नाही.

बाजाराची आणखी एक रीत आहे. गिऱ्हाईकाला मासा कापून, साफ करून द्यायचा. पोटाच्या आतलं, म्हणजे गाभोळी, काळीज, पोटाची पातळ कातडी, हे बहुतेक गिऱ्हाइकं नको म्हणतात. ते कापणारीचं. "विळी जिची, गाभोळी तिची," असं बाजारातल्या बाया म्हणतात. माय ते एका जर्मनच्या पातेलीत साठवायची आणि घरी आल्यावर लाल मिरची, लसूण आणि मूठभर ज्वारीचं पीठ लावून त्याचं दाट कालवण करायची. आम्हा भावंडांना मधले तुकडे आणि तिला ते कालवण. ती त्याग वगैरे करत होती असं कुणी समजू नये. तिला ते मनापासून आवडायचं. आम्ही बोट बुडवलं तर हातावर चापट मारायची.

लहानपणी हे सगळं नदीच्या माशाचं असायचं. अलीकडच्या काही वर्षांत धरणाचा मासा कधी मिळतो, कधी मिळत नाही. म्हणून बाजारातल्या बायकांनी बर्फाचा मालही ठेवायला सुरुवात केली. समुद्राचा मासा थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ भरून पहाटे येतो. बांगडा त्यात जास्त. मायनेही ठेवला. आणि पातेलीत बांगड्याचं पोटही पडू लागलं.

पहिल्यांदा तिच्या अंगावर गांधी उठल्या तेव्हा मी घरीच होते. रविवार होता. दुपारी बाजारातून येऊन ती जेवली, भांडी घासायला बसली आणि तळहात खाजवू लागली. बघता बघता मानेवर, पोटावर, मांड्यांवर लाल लाल चकंदळं आली.

"पित्त उठलं," ती म्हणाली. "घोंगडी आण."

मी घोंगडी आणली. तिने ती अंगावर खसाखसा घासली, आमसुलाचं पाणी लावलं. संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. मी म्हटलं, दाखवून येऊ. ती म्हणाली, "पित्ताला कुणी दवाखाना करतं का? उन्हात बसून आले, म्हणून झालं."

दुसऱ्या वेळीही असंच झालं. तिसऱ्या वेळी ओठ सुजले. आवाज घोगरा झाला आणि श्वास घेताना शीळ वाजू लागली. वडिलांनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून शेजाऱ्याला धरायला लावून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तिन्ही वेळा मासाच होता. ते म्हणाले, मासे बंद. खायचे नाहीत आणि हातही लावायचा नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जीव वाचवायचा तर आधी हेच सांगायला हवं होतं.

मी लातूरहून शेवटची गाडी पकडून घरी पोचले तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती. ओठ अजून जाड दिसत होते.

"खायचं सोड म्हणले तर सोडीन," ती म्हणाली. "पण हात लावायचा न्हाई म्हंजे काय गं? माझ्या हाताला दुसरं काय येतं?"

मी लॅबमध्ये रोज दुसऱ्यांच्या रक्तात काय आहे ते सांगते. माझ्या मायच्या अंगात काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.

बाजारात तिच्या शेजारी बसणारी एक मावशी आहे. नात्याची नाही, पण पाटाला पाट लागून वीसेक वर्षं झाली. तिने मायच्या पाटावर आपली एक टोपली ठेवून दिली. कुणी विचारलं की सांगायची, "माझीच हाय ती. माल ज्यादा आलाय." अशाने जागा किती दिवस राहील हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

लातूरला ॲलर्जीच्या एक डॉक्टर आहेत. त्यांचे नमुने आमच्याकडे येतात, म्हणून माझी ओळख. मी त्यांना मॅडम म्हणते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्वचेवर टोचून पाहू. आठवडाभर खाजेची गोळी बंद ठेवा. आणि येताना त्या खातात तो मासा घेऊन या. कच्चाच. नदीचा एक, समुद्राचा एक."

मी फोनवर वडिलांना निरोप दिला. वडिलांनी मायला. त्याबरहुकूम माय सकाळच्या गाडीने लोहा, अहमदपूर करत लातूरला उतरली. हातात स्टीलचा डबा, त्यावर ओला टॉवेल, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. डब्यात एका बाजूला रोहूचे आणि एका बाजूला बांगड्याचे तुकडे, इतके स्वच्छ की काचेच्या बशीत मांडावेत. मॅडमही म्हणाल्या, "वा, किती छान आणलंय." माय लाजली. मलाही अभिमान वाटला.

मॅडमनी तिच्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेशी एकेक थेंब टोचला. एक नुसत्या पाण्याचा, तो उठायला नको. एक मुद्दाम गांध उठवणाऱ्या औषधाचा, तो उठायलाच हवा. बाकी माशांचे. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघी त्या हाताकडे बघत बसलो. औषधाचा थेंब मुंगी चावल्यासारखा फुगला. रोहू नाही. बांगडाही नाही.

"माशाचं काही दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एवढ्यावर मी निकाल देणार नाही. रक्त तपासू. तोवर खाऊ नका."

मायने पहिलं वाक्य ऐकलं. खरं सांगायचं तर मीही पहिलंच ऐकलं. बसस्टँडवरूनच मी वडिलांना फोन केला आणि म्हटलं, "दादा, मासा निघाला न्हाई." माझ्या आवाजात जो आनंद होता त्याने पुढचं सगळं झाकून टाकलं.

चौथ्या दिवशी माय पुन्हा दवाखान्यात होती.

त्या वेळी मी दोन दिवसांची रजा टाकून गेले. माय घरी आली होती, पण चेहरा उतरला होता. मला कुणी रागावलं नाही, हेच जास्त लागलं. मी तिच्याजवळ बसले आणि लॅबमध्ये पेशंटला विचारते तसं विचारायला लागले. सकाळी काय खाल्लं? चहा किती? गोळी कुठली घेतली?

"पोलीस हायस का?" ती म्हणाली.

"सांग ना माय."

"कालवण खाल्लं. दुसरं काय खाणार?"

"कशाचं?"

"कशाचं म्हंजे? मावशीनं पातेली भरून दिली हुती. लई दिवस झाले, खा म्हणली. डॉक्टरनं सोडलंय तर खा म्हणली."

मी उठून बाजारात गेले. मावशी बांगडे कापत होती. मला बघून म्हणाली, "ये गं लॅबवाली. माय कशी हाय? माझ्या कालवणानं मारलं म्हणते का तिला?"

"मारलं न्हाई, मावशी. पण जरा बघू द्या, काय काय टाकलं होतं त्यात."

तिने विळीवर एक बांगडा उभा चिरला आणि पोट माझ्यासमोर उघडलं. आतड्याशेजारी, पोटाच्या पातळ पडद्याला चिकटून, एक पांढरट दोऱ्यासारखं काहीतरी गुंडाळी करून बसलेलं होतं. नखाएवढ्या जिलबीसारखं. शेजारी आणखी एक होतं.

"हे काय?"

मावशीने ते नखाने उडवलं. "ह्ये असतंच की त्यात. समुद्राच्या माशाला असतं. शिजलं की मेलं."

बी.एस्सी.च्या पुस्तकात अशा कृमीचं एक लहानसं चित्र होतं. परीक्षेला त्यावर काही येत नाही म्हणून आम्ही ते पान उलटून टाकलं होतं. मला ते पान बाजारातल्या त्या चिखलात उभी असताना आठवलं. माशाच्या पोटात राहणारा जंत. माणसाच्या पोटात तो वाढू शकत नाही, पण त्याची ॲलर्जी माणसाला होऊ शकते.

घरी येऊन मी मायला विचारलं, "मॅडमकडं जो बांगडा आणला होता, त्याच्या पोटात हे होतं का?"

माय माझ्याकडे अशी बघू लागली जसं काही मी तिला शिवी दिली.

"डॉक्टरीणबाईकडं घाण पाठवू का मी? हाताला पिशव्या बांधून केला बघ. मावशीनं सगळ्यात ताजा काढून दिला. पोट काढलं, आतलं काळं पडदं खरवडलं, पोटाची कातडीसुदिक काढून टाकली. मीठ-हळद लावून तीनदा धुतला. पाहुण्याला करतो तसा केला."

मी खाली बसले. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पाहुण्याला जे द्यायचं नाही ते सगळं काढून टाकायचं, हे आमच्या घरात मुलींना बोलायच्या आधी येतं. माय जे खात होती ते तिने डब्यातून काढलं होतं, आणि जे आम्ही खात होतो ते डॉक्टरांकडे नेलं होतं. आणि डबा उघडताना मी, नमुना जसा हाय तसा आणा म्हणणारी, शेजारीच उभी होते.

परत जाताना मावशीकडून मी चार पोटं घेतली. एका डबीत स्पिरिट घालून त्यात त्या जिलब्या ठेवल्या. आमच्या लॅबमधल्या मोठ्या सरांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. मग खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही बसा."

सर कमी बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलं, जसं मी पहिल्या दिवशी आलेली विद्यार्थिनी असावी. शरीरात नको ते काही शिरलं की त्याला ओळखून धरायला प्रतिपिंडं तयार होतात. त्यांच्या निरनिराळ्या जाती. त्यातली एक जात जंतांच्या वेळी पुढे येते. तिला आयजीई म्हणतात. ॲलर्जीतही तीच. एकदा ती एखाद्या गोष्टीवर तयार झाली की त्वचेखालच्या, घशातल्या काही पेशींवर जाऊन बसते आणि वाट बघते. ती गोष्ट पुन्हा आली की पेशी फुटल्यासारख्या होतात, आणि गांधी, सूज, शीळ. जंत शिजून मेला तरी त्याच्या अंगातली काही प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत. प्रतिपिंडाला जिवंत की मेलेला याच्याशी देणंघेणं नसतं. ते फक्त आकार ओळखतं.

"मग रक्तात बघता येईल?" मी विचारलं.

"येईल. पण नाचू नका. आपल्याकडे कितीतरी जणांना लहानपणी जंत झालेले असतात. एका जंताची प्रतिपिंडं त्याच्या चुलतभावालाही ओळखतात. धुळीतल्या किड्यांचीसुद्धा ओळखतात. आकडा वर आला म्हणजे तोच गुन्हेगार, असं नसतं. आकडा आणि गोष्ट जुळली पाहिजे."

मायला लातूरला बोलावून घेतलं आणि तिचं रक्त मीच काढलं. तिची शीर मला बोटाने चाचपावी लागली नाही, मनगटापासून कोपरापर्यंत दोरीसारखी दिसते. माशाच्या मांसाची, त्या कृमीची आणि पोटातल्या नेहमीच्या जंताची, अशी वेगवेगळी प्रतिपिंडं बघायची सोय आमच्याकडे नव्हती. ते रक्त मोठ्या शहरात जायचं होतं. मी नळी बर्फात ठेवून खोक्याला चिकटपट्टी मारली. माय बघत होती.

"बांगडा येतो त्याच खोक्यात माझं रगत चाललं," ती म्हणाली.

शौचाची तपासणी आमच्याचकडे होणार होती. डबी हातात घेऊन माय हळूच म्हणाली, "ह्यो धुवून आणायचा न्हाई ना?" मला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरून सरांनी वर बघितलं.

रिपोर्ट यायला आठवडा होता. माय माझ्या खोलीवरच राहिली. घरमालकीण काकू लिंगायत, त्यांच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, पण मायशी त्यांचं जमलं. दोघी ओट्यावर बसून तूर निवडायच्या. एका दुपारी मी मायला प्रतिपिंडांचं सांगत होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. पुस्तकातले शब्द तोंडाशी यायचे आणि तिथेच थांबायचे.

माय म्हणाली, "थांब. धरणाच्या वाटंवर ते कुत्रं न्हाई का, बांड्या रंगाचं? त्याला कुणीतरी छत्रीनं मारलं हुतं. आता छत्री दिसली की भुंकतंय. मिटलेली असू दे न्हाईतर मोडलेली. काठी दिसली तरी गुरगुरतंय. तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मंग छत्री कुठली अन् काठी कुठली, ते बघायला रगत पाठवलंय."

काकू सूप हलवायचं थांबून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या लेकीपेक्षा तुम्हीच बरं शिकवता."

"ती शिकली म्हणून मला कळलं," माय म्हणाली आणि पुन्हा तुरीत हात घातला.

रिपोर्ट आला. मी तो मॅडमसमोर ठेवला. एकूण आयजीई बरीच वर होती. रोहू आणि बांगड्याच्या मांसाविरुद्ध काही नव्हतं. पोटातल्या साध्या जंताचं थोडं होतं, पण शौचात जंत सापडला नव्हता. आणि माशातल्या त्या कृमीचं खूप होतं.

"जुळतंय," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट जुळते, आकडा जुळतो. तरी नुसत्या कागदावरून मी यांना पाटावर बसवणार नाही. समुद्राचा मासा बंद, खायचाही आणि कापायचाही. तो पुन्हा खाऊन बघायचं कारण नाही. पण नदीच्या माशाचं मला डोळ्यांनी बघायचंय. माझ्यासमोर खायचा. सलाईन लावून, इंजेक्शन भरून ठेवून."

मग त्यांनी मायकडे वळून विचारलं, "तुम्ही रोज जे खाता तेच आणाल ना?"

माय खाली बघू लागली. "साफ करून आणते, बाई."

"साफ केलेला एक डबा आणा. आणि एक डबा तुमचा. नदीच्या माशाचं, पण तुमच्या पातेलीतलं."

नांदेडला जाऊन येण्यात दोन दिवस गेले. मासा वडिलांनी स्वतः धरणातून काढला. रांधलं मात्र थोरल्या वहिनीने. माय उंबऱ्याच्या बाहेर बसून मीठ किती, मिरची किती ते सांगत होती. पहाटे गाडीत बसताना दोन डबे होते. एक मोठा, चकचकीत. दुसरा लहान, पिशवीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला.

दवाखान्यात खाटेवर बसवून मॅडमनी तिच्या हातात सुई लावली. नाडी, रक्तदाब. पहिल्या डब्यातला रोहूचा तुकडा वाटाण्याएवढा. मग थांबायचं. मग बोटाच्या पेराएवढा. मग थांबायचं. मग अर्धा तुकडा. मी तिच्या मानेकडे, ओठांकडे बघत होते. माय माझ्याकडे बघत होती.

"माझ्या तोंडाकडं नको बघू," ती म्हणाली. "घास उतरंना."

तासाभराने मॅडम आल्या. त्वचा कोरडी, स्वच्छ. "आता दुसरा डबा."

मायने डबा मांडीवर घेतला, पण उघडेना. तिने मॅडमकडे बघितलं, नर्सकडे बघितलं. हा डबा तिने आजवर कुणा परक्यासमोर उघडला नव्हता.

"बाई, ह्ये तुमच्यासमोर खाण्यासारखं न्हाई."

"मलाच बघायचंय."

"वास येईल."

"येऊ दे," मॅडम म्हणाल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

मायने झाकण काढलं. लाल, दाट कालवण, त्यात गाभोळीचे तुकडे, पोटाच्या कातड्या, काळीज. वास खोलीभर पसरला. माझ्या लहानपणातल्या प्रत्येक दुपारचा वास. मला उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"हे आधीच आणलं असतंत तर?" मॅडम रागाने म्हणाल्या नाहीत. डब्यात वाकून बघत म्हणाल्या.

"असं कुणी कुणाला दावतं का?"

"डॉक्टरला दाखवायचं."

मायने बोटाच्या टोकावर थोडं घेतलं आणि चाटलं. थांबली. मग थोडं जास्त. पुन्हा थांबली. नर्स येऊन बाही वर करून बघून जात होती. शेवटच्या वाट्याला मायला भाकरी हवी होती. नुसतं कसं खाऊ, म्हणाली. मॅडमनी अर्धी भाकरी खाऊ दिली. डबा रिकामा झाला. मग दोन तास नुसते बसून काढले. खिडकीबाहेर शिकवणीला जाणारी मुलं सायकलींवर चालली होती. माय एकदा दंड खाजवू लागली आणि आम्ही तिघी एकदम उठलो.

"डास हाय," ती म्हणाली.

खरंच डास होता.

दुपारी मॅडमनी सुई काढली. "नदीचा मासा चालेल. खायला, कापायला, विकायला. पोट लगेच काढायचं, नीट शिजवायचं. बर्फाचा माल मात्र आयुष्यभर नाही. त्याची विळी वेगळी, पाट वेगळा, पाणी वेगळं. ही गोळी आणि हे इंजेक्शन कायम जवळ. कसं टोचायचं ते लेक शिकवेल."

"शेजारीण बर्फाचा माल घेऊन बसती," माय म्हणाली. "तिचं पाणी माझ्याकडंच वाहतं."

"मग जागा बदला."

"जागा न्हाई बदलायची, बाई," माय पटकन म्हणाली. मग म्हणाली, "पाण्याची वाट बदलू."

तसंच केलं. वडिलांनी दोन पाटांच्या मध्ये सिमेंटची चार बोटं उंच कड घातली. मावशीचं पाणी आता पलीकडच्या गटारीत जातं. टोपली तिने उचलून नेली. बांगडा मागायला कुणी मायकडे आलं की ती बोटाने शेजारी दाखवते, आणि रोहू, मरळ मागायला कुणी मावशीकडे गेलं की ती म्हणते, "पलीकडं जा. तिकडं बाईंनी डॉक्टरसमोर खाऊन पास केलेला मासा हाय."

मावशी स्वतः मात्र बांगड्याचं पोट खायचं सोडत नाही. मी सांगून बघितलं. ती म्हणते, "तुझ्या मायचं रगत भुंकतंय, माझं गप हाय." तेही खरं आहे. सगळ्यांचं भुंकत नाही. कुणाचं का भुंकतं आणि कुणाचं का नाही, ते मी सरांना विचारलं. ते म्हणाले, हे अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. त्यांनी तसं सरळ सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

लॅबच्या खिडकीशी मी आजही तेच वाक्य म्हणते. फक्त आता त्यापुढे एक जोडते, "लाजू नका, आम्ही घरचेच." गुलाबपाण्याच्या आजोबांना पुढच्या वेळी मी तसं म्हटलं, तर त्यांनी बाटली देता देता तोंड फिरवलं आणि म्हणाले, "घरच्यांनाच तर लाजतो, पोरी."

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा सकाळी मायबरोबर बाजारात गेले. ती एक रोहू साफ करत होती. पोट उभं चिरून तिने दोन बोटांनी ते उघडलं आणि उजेडाकडे धरून बारकाईने आत बघितलं. गाभोळी काढली, तीही उजेडाला धरली. मग गाभोळीला मीठ-हळद लावून धुवायला लागली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"कुणी पाहुणं येणार हाय का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि गाभोळी जर्मनच्या पातेलीत टाकली. "माझ्यासाठीच हाय."